सोळा टन मधमाश्या

डॉक्टरांनी श्वास रोखून चिमटा खाली आणला आणि तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी पेटी वॅगनच्या तळाशी अलगद टेकवली. अशा पेट्या त्यांनी आठवडाभर खपून तयार केल्या होत्या. कवळीसाठी तोंडाचा साचा घेतात त्याच प्लास्टरच्या. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण प्लास्टरची पोती, चिमटे आणि बारीक कानशी त्यांनी कुणाला देऊन टाकल्या नव्हत्या.

"उचल ती," कॅशियर म्हणाला.

"चिकटली आता."

"मग खरवड. सोळा टन मधमाश्या! अरे, सोळा टन मधमाश्या म्हणजे किती होतात, काही अंदाज?"

"यादीत जे आहे ते मी भरतोय."

"यादीत तीनशे टन छत्र्याही होत्या. त्या भरल्यास?"

छत्र्यांचा मुद्दा बिनतोड होता.

दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एकाने जन्मभर लोकांचे दात काढले, दुसऱ्याने बँकेच्या जाळीमागे बसून नोटा मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून जुन्या दवाखान्याच्या खोलीत टेबलावर मावेल एवढी एक रेल्वे सुरू केली. गावाजवळून पूर्वी मालगाड्यांचा एक फाटा जात असे. तो कधीच बंद झाला, रूळसुद्धा उखडून नेले. पण गार्डांनी भरलेल्या मालगाड्यांच्या याद्या एका भंगारवाल्याकडे गठ्ठ्यांनी पडल्या होत्या, त्या या दोघांना मिळाल्या. एकेका गाडीत कोणकोणत्या वॅगन होत्या, कुठून कुठे चालल्या होत्या, वजन किती, हे सगळं त्यात होतं. फक्त मालाचं नाव नव्हतं. नावाच्या जागी नुसता आकडा. बारा म्हणजे कोळसा, छत्तीस म्हणजे चुनखडी, एक्केचाळीस म्हणजे धान्य. त्या आकड्यांचं जाडजूड पुस्तकही कॅशियरने कुठूनतरी पैदा केलं, आणि मग दोघांच्या दुपारी कशा जातात हे घड्याळालाही कळेनासं झालं.

याद्या चुकांनी बुजबुजलेल्या होत्या, आणि खरी गंमत चुकांतच होती. छत्र्यांच्या वजनात कुणीतरी टिंब द्यायला विसरलं होतं. एक वासरू महिनाभर त्याच फाट्यावरून जात-येत होतं, कारण ते उतरल्यावर त्याच्या नावावर काट मारायची राहून गेली होती. एकदा उघड्या वॅगनमधून बर्फ निघाला होता आणि मुक्कामी पोचल्यावर त्याच्या पुढे 'पाणी' असं लिहिलं होतं. ही मात्र चूक नव्हती. असल्या भानगडी दोघांनी हसतखेळत निस्तरल्या होत्या. मधमाश्यांवर मात्र गाडी अडली.

माळावर एक एवढासा हॉल्ट होता. तिथून दर गुरुवारी एक वॅगन जंक्शनला जाई. कोड त्रेसष्ट. पुस्तकात त्रेसष्टपुढे छापलेलं होतं, 'मधमाश्या, जिवंत'.

"आकडे उलटे पडलेत," कॅशियर शांतपणे म्हणाला. बँकेत तो चिडला की असाच शांत व्हायचा. "छत्तीसचे त्रेसष्ट. दोघांतला फरक काढ, नवाने भागून बघ. भाग जातो की नाही? आकडे उलटे लिहिले की फरकाला नवाने भाग जातोच. मी आयुष्यभर हेच पकडलंय. चुनखडी आहे ती."

"त्या माळावर चुनखडीची खाण नाही."

"मधमाश्यांची आहे?"

"चूक एकदा होते, दोनदा होते. दर गुरुवारी होते तिला चूक नाही म्हणत."

"चुकणारा माणूस एकच असला तर दर गुरुवारीच होणार ना!"

प्रश्न नुसता दोघांपुरता नव्हता. जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता वाचनालय होतं, आणि वाचनालयाच्या अध्यक्षबाईंनी रविवारी या रेल्वेचं प्रदर्शन ठेवलं होतं. एका खऱ्या दिवसाची खरी गाडी, आणि प्रत्येक वॅगनसमोर आतला माल सांगणारं छापील कार्ड. बाकीची सगळी कार्डं छापून आली होती. या एकाच वॅगनसाठी अध्यक्षबाईंचा रोज फोन येत होता.

"तू कार्डावर मधमाश्या छापलंस तर लोक हसतील," कॅशियर म्हणाला.

"आणि तुझ्या मनाने चुनखडी छापली तर ती थाप होईल."

"थाप? मी थापा मारतो?"

"मी यादीबद्दल बोलतोय."

"मला कळतं तू कशाबद्दल बोलतोयस." कॅशियर उठला, भिंतीतली पिन उपसली आणि ट्रान्सफॉर्मर काखेत मारला. "हा माझा आहे. चालव तुझी गाडी मधमाश्यांच्या जोरावर."

दार आपटून तो गेला. मिनिटाभराने परत आला, टेबलावर राहिलेला चष्मा डॉक्टरांकडे न बघता उचलला, आणि पुन्हा गेला. या खेपेला दार आपटायचं त्याला सुचलं नाही.

पुढचे काही दिवस डॉक्टर रोज दवाखान्यात जाऊन बसले. वीज नसलेली गाडी हाताने ढकलून पाहिली, पण त्यात काही राम नव्हता. डॉक्टरांच्या बायकोने आधी दुर्लक्ष केलं, मग नवरा स्वयंपाकघरात येऊन डबे नीट लावून देऊ लागला तेव्हा तिने हात टेकले.

"अहो, मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगू मी? दोन म्हातारे मधमाश्यांवरून भांडले म्हणून?"

"तो चूक कबूल करायला तयार नाही."

"कुणाची चूक?"

"म्हणजे, यादीतली चूक आहे असं तो म्हणतोय. आणि ती चूक नाही हे तो कबूल करत नाही."

तिने हात पुसून यादी मागून घेतली, लांब धरून पाहिली. "ही खाली सही कुणाची?"

"गार्डची. सगळ्या याद्यांवर त्याचीच आहे."

"तो गेला का?"

डॉक्टरांनी वाकून सही पुन्हा वाचली.

"एवढी वर्षं कागद चाळताय, आणि त्याला विचारावं असं एकालाही वाटलं नाही?"

"माणसांच्या आठवणीवर भिस्त ठेवून चालत नाही," डॉक्टर सावरून म्हणाले. "कागदावर ठेवता येते."

"कागदावर सोळा टन मधमाश्या आहेत," ती म्हणाली आणि फोनकडे गेली.

रेल्वेच्या निवृत्तांच्या संघटनेत दोन-तीन फोन झाले. गार्डसाहेब होते. खणखणीत होते. पलीकडच्या शहरात दुसऱ्या मजल्यावर राहत होते. मग तिने कॅशियरला फोन लावला. "भावोजी, उद्या सकाळी बसस्टॉपवर या. हे येताहेत. एकमेकांशी बोलू नका हवं तर, पण या."

"वहिनी, तुमच्या शब्दाखातर येतो," कॅशियर म्हणाला. तो फोनजवळच बसला असावा, कारण पहिल्याच घंटीला त्याने उचलला होता.

बसमध्ये दोघं एकामागे एक बसले. तिकिटं वेगवेगळी काढली. डॉक्टरांच्या मांडीवर यादी होती, कॅशियरच्या मांडीवर पुस्तक, आणि एकाशिवाय दुसऱ्याचा काडीचा उपयोग नव्हता. अर्ध्या वाटेवर कॅशियरने मागून पेपरमिंटची गोळी पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली, पण मागे वळून पाहिलं नाही.

दार उघडलं ते एका ताठ बांध्याच्या म्हातारीने. हातात मटारच्या शेंगांची परात. "या. हे सकाळपासून कोट घालून बसलेत," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

गार्डसाहेब खरोखरच कोट घालून खुर्चीत बसले होते. उंच, हडकुळे, भुवया ढगांसारख्या. कुणीतरी त्यांच्या याद्या वाचतंय याचा त्यांना एवढा आनंद झाला होता, की पाहुणे टेकायच्या आधीच ते सुरू झाले. अडचण एकच होती. त्यांची वरची कवळी सैल होती. 'स' आला की ती खाली घसरे आणि टक् करून वाजे.

"सांगा," ते म्हणाले. टक्. "कसली शंका?" टक्.

डॉक्टरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. दुसऱ्याच्या हातची वाईट कवळी त्यांना बघवत नसे. तरी त्यांनी यादी पुढे केली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती वॅगन!" गार्डसाहेब उसळले. "अहो, एवढा छळ आयुष्यात कुणी केला नाही माझा! माळावरचा हॉल्ट तो. चढायला कुणी नाही, उतरायला कुणी नाही. माझी गाडी शिट्टी मारून थेट पुढे जायची. आणि एका गुरुवारी बघतो तर तिथल्या मास्तरांनी लाल झेंडा धरलेला. का, तर भरलेली वॅगन आहे, जोडून न्या. झालं! इंजिन सोडा, बाजूच्या रुळावर न्या, वॅगन आणा, पुन्हा जोडा. मी खाली उतरून सील तपासायचं, कागद घ्यायचे, सह्या करायच्या. तासाभराचं खोबरं. आणि एकदा नाही, दर गुरुवारी!"

"पण आत काय होतं?" डॉक्टर आणि कॅशियर एकदम म्हणाले, आणि लगेच दोघांनी दोन दिशांना पाहिलं.

"मधमाश्या. चिठ्ठीवर तो आकडा होता, मी तो यादीत उतरवायचो."

डॉक्टरांची मान विजयाने वर झाली.

"तुम्ही स्वतः पाहिल्या होत्या?" कॅशियरने विचारलं.

"मधमाश्या म्हटल्यावर दार कोण उघडतंय?"

"निदान गुणगुण?"

"वाफेच्या इंजिनाशेजारी गुणगुण ऐकू येते होय?"

"वजन तरी? सोळा टन म्हणजे..."

"ड्रायव्हर म्हणायचा, फुलासारखी येते. मी म्हटलं, उडता माल आहे, हलका असायचाच." गार्डसाहेबांनी कवळी अंगठ्याने वर सरकवली. "जंक्शनच्या कारकुनाने दार उघडलं की आत काही नसायचं. तो शेरा मारायचा, 'माल वाटेत उडाला'. रिकामी वॅगन परत हॉल्टवर. पुढच्या गुरुवारी बघावं तर पुन्हा भरलेली, पुन्हा सील!"

मधमाश्या नाहीत आणि चुनखडीही नाही. डॉक्टर आणि कॅशियर यांनी आज पहिल्यांदा एकमेकांकडे नीट पाहिलं.

"कुणी तक्रार केली नाही?"

"माल कुणाचा तेच कळेना, तक्रार कोण करणार? आणि मास्तरांच्या विरुद्ध मी बोलणार तरी कसा? माझे सासरे ते." त्यांनी परातीच्या दिशेने हात केला. "म्हणजे तेव्हा नव्हते, नंतर झाले. माणूस देवासारखा, पण डोळ्यांनी अधू. कागद नाकाला लावल्याशिवाय दिसायचा नाही. वजनाचा आकडा चुकत असणार. दर गुरुवारी मी भांडायचं ठरवून खाली उतरायचो. पण ते आत आडवे झालेले असायचे, आणि कागद घेऊन ही यायची. हिच्याशी काय भांडणार? ही आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची. मग कागद एकेक करून द्यायची. सावकाश."

म्हातारीने एक शेंग फोडली. दाणे परातीत टपटपले.

"असं करता करता एक दिवस मीच धीर केला," गार्डसाहेब म्हणाले, आणि कोटाची बटणं जरा ताणली गेली. "इंजिन तिकडे वाफ सोडतंय, आणि मी हिला सरळ विचारून टाकलं."

"आणि वॅगन?" कॅशियरने हळूच विचारलं. "ती कधीपर्यंत येत होती?"

"हां, तेही एक नवलच. लग्न ठरलं त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलो, तर मास्तर हिरवा झेंडा घेऊन उभे. म्हणे आज काही नाही, जा. त्यानंतर कधीच नाही. ज्याचा कुणाचा धंदा होता तो बसला असणार." त्यांनी सुस्कारा सोडला. टक्. "मधमाश्यांचं काही खरं नसतं."

कॅशियर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसत राहिला. डॉक्टरांना मात्र आता राहवेना.

"साहेब, रागावू नका. ती जरा काढून द्याल का?"

खिशात बारीक कानस घेऊन फिरायची त्यांची सवय सुटली नव्हती. रुमालात कवळी घेऊन ते खिडकीशी गेले आणि उजेडात धरून तिला खाली ढकलणाऱ्या, जास्त लांब राहिलेल्या कडा घासू लागले. दातांविना गार्डसाहेबांचा चेहरा एकदम मऊ, लहान मुलासारखा झाला. परक्यांसमोर तसं बसायचा त्यांना संकोच वाटला असावा. तोंडावर हात धरून ते उठले आणि मोरीकडे चूळ भरायला गेले. पाण्याचा आवाज सुरू झाला.

"काकू," कॅशियर खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या वडिलांना दिसत नव्हतं, तर चिठ्ठ्या कोण लिहायचं?"

"मीच." तिने परातीतला एक किडका दाणा वेचून काढला. "ते नुसता अंगठ्याएवढा शिक्का मारायचे. विश्वास होता त्यांचा."

"मग हा आकडा..."

"तुमच्या हातात आहे ना, ते पुस्तक होतं आमच्याकडे. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं मी. माळावर दुसरं होतं काय वाचायला?" तिने मोरीच्या दाराकडे एकदा पाहिलं. "आधी मी कापूस लिहिणार होते. पण कापसाचं दार उघडून बघतात."

खिडकीपाशी कानस थांबली.

"आणि सोळा टन?" डॉक्टरांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"त्याहून कमी माल असला की गाडी थांबत नसे."

पाण्याचा आवाज बंद झाला. तिने पुढची शेंग उचलली.

गार्डसाहेब परत आले, कवळी बसवली, जबडा इकडेतिकडे फिरवला आणि जपून म्हणाले, "सासरे." काही वाजलं नाही. "सिग्नल. सतरा. सोळा." त्यांच्या भुवया वर चढल्या. "वा! डॉक्टर, तुम्ही आधी का नाही आलात? बरं, मग काय ठरलं तुमचं? चूक कुणाची निघाली? माझी, की सासऱ्यांची?"

डॉक्टरांनी कानस खिशात ठेवायला बराच वेळ लावला. बोलायला हवं होतं, पण आपण बोललो तर तोंडातून भलतंच निघेल अशी त्यांना धास्ती वाटली.

"कुणाचीच नाही, साहेब," कॅशियर म्हणाला. त्याचा आवाज एकदम बँकेतला झाला होता, हिशोब जुळल्यावरचा. "मी पुन्हा तपासलं. यादी बरोबर आहे. मधमाश्याच होत्या."

डॉक्टरांनी मित्राकडे पाहिलं. चाळीस वर्षं एका पैचा फरक सुटू न दिलेला माणूस पुस्तक मिटून शांत बसला होता.

"बघ, मी काय म्हणत होतो?" गार्डसाहेब बायकोला म्हणाले.

"तुमचं बरोबरच असतं," ती म्हणाली आणि परात घेऊन आत गेली.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. "ह्यांना घेऊन येते रविवारी. फक्त तुमच्या त्या वॅगनचं दार बंद ठेवा."

घरी जाताना दोघं एकाच बाकावर बसले. पेट्या काढायच्या की आत राहू द्यायच्या यावर थोडा वाद झाला, पण तो लुटुपुटुचा होता. शेवटी दार चिकटवून टाकायचं ठरलं. आत काय आहे ते मग कुणालाच दिसणार नव्हतं.

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी माळावरून आली, हॉल्टवर थांबली, वॅगन जोडून घेऊन पुढे गेली. मधमाश्यांचं कार्ड वाचून लोक हसले, आणि हसता हसता पुन्हा वाचू लागले. गार्डसाहेब कोट घालून टेबलाच्या कडेशी उभे होते. त्यांच्याभोवती बघता बघता घोळका जमला. लाल झेंडा, सील, जंक्शनचा कारकून, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. कवळी एकदाही वाजली नाही. शेवटी आवाज जरा चढवून ते म्हणाले, "आणि मग एका गुरुवारी, गाडीला उशीर होत असताना, मी हिला सरळ मागणी घातली!"

त्यांची बायको शेजारी उभी होती. ही गोष्ट आज पहिल्यांदाच कानावर पडतेय अशा चेहऱ्याने तिने ती सगळी ऐकून घेतली होती.

"अय्या! मग तुम्ही काय म्हणालात?" अध्यक्षबाईंनी तिला विचारलं.

घोळक्यामागे उभे असलेले डॉक्टर आणि कॅशियर पुढे झुकले.

"असं एकदम कसं सांगायचं?" म्हातारी पदर सारखा करत म्हणाली. "म्हटलं, विचार करून सांगते."